पिकअप घ्यायचीय: ट्रॉली ओढायला, घरच्यांना न्यायला आणि खिशाला झेपेल अशी

लोकमान्यनगरी

नमस्कार मंडळी. दोन महिने डोक्यात हाच विषय आहे. घरात आता कोणी ऐकून घेत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. लांब झालंय, पण अर्धवट माहिती देऊन सल्ला मागणं बरोबर नाही.

मी इंदूरचा. घर लोकमान्य नगरात, सांवेर रोडला फॅब्रिकेशनचं लहान वर्कशॉप. चार वर्षांपूर्वी ४० केव्हीएचा सायलेंट जनरेटर घेतला, दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवला आणि भाड्यानं द्यायला लागलो. लग्नसराईत महिन्याला दोन-तीन फेऱ्या होतात. निम्मी कामं वर माळव्यातच, देवास, महू, उज्जैनकडे. निम्मी खाली निमाडात, धामनोद ते मंडलेश्वर पट्ट्यात. ट्रॉली ओढायला दर वेळी कोणाची तरी पिकअप सांगावी लागते. गेल्या मोसमात दोनदा असं झालं की मांडववाला फोनवर फोन करतोय आणि गाडीवाला देवास नाक्यावर दुसऱ्याच मालात अडकलाय. तेव्हाच ठरवलं की आता आपली गाडी घ्यायची.

दुसरी गरज घरची. आई ७३ वर्षांची आहे, गुडघे दुखतात. बायको आणि दोन मुलं. घरची सात आसनी डिझेल गाडी ११ वर्षांची झाली. ती विकून एकाच डबल कॅब (दोन रांगा सीटच्या) पिकअपमध्ये दोन्ही गरजा भागवायच्या असा विचार आहे. बजेट ३० लाख, फार तर दोन-तीन वर.

आतापर्यंत जे पाहिलं ते असं. टोयोटा हायलक्स: २.८ लिटर डिझेल, ताकद २०४ पीएस, टॉर्क म्हणजे ओढायचा जोर मॅन्युअलला ४२० न्यूटन-मीटर आणि ऑटोमॅटिकला ५००. सगळ्या मॉडेलांत फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना ओढ. मार्च २०२२ मध्ये किमती जाहीर झाल्या तेव्हा सुरुवातच ३३.९९ लाखांपासून होती, नंतर कमी केल्या. इसुझू व्ही-क्रॉस: १.९ लिटर, १६३ पीएस, ३६० न्यूटन-मीटर. तीच कॅब आणि तेच इंजिन, पण फक्त मागच्या चाकांना ओढ आणि साधी सजावट, अशी हाय-लँडर, ती बरीच स्वस्त पडते. तिसरी बोलेरो कँपर, ७५ पीएस आणि २०० न्यूटन-मीटर, किंमत दहा लाखांच्या आसपास. कँपरकडे मी फारसं गंभीरपणे पाहिलं नाही हे कबूल करतो.

हायलक्स आणि व्ही-क्रॉस दोन्ही रिकाम्याच चालवल्या, इंदूरच्या सपाट सुपर कॉरिडॉर रस्त्यावर. तिथं दोन्ही सुरेख वाटल्या. पण घाटात, मागे ट्रॉली, आत पाच माणसं, असं झालं की कोणती टिकेल? आणि मागच्या सीटवर आईला घेऊन मंडलेश्वरपर्यंत जाता येईल का? मालक असाल तर स्वतःचा अनुभव लिहा, ही विनंती.

महूकर

ओढायचंच असेल तर हायलक्स. पीएसचा आकडा बाजूला ठेवा, घाटात कामाला येतो तो टॉर्क, आणि तो किती कमी आरपीएमवर मिळतो ते. हायलक्स ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन-मीटर १,६०० आरपीएमलाच मिळतात. व्ही-क्रॉसला ३६० मिळतात २,००० च्या पुढे. मानपूरकडे परत चढताना ट्रकच्या मागे २० च्या वेगानं रांगावं लागतं. तिथून ट्रॉलीसकट पुन्हा उचल घ्यायची म्हणजे हा फरक पायाला जाणवतो.

बाहेरच्या देशांत हायलक्सला ब्रेक असलेला ३,५०० किलोचा ट्रेलर ओढायची परवानगी आहे. तुमचा जनरेटर त्याच्या निम्म्याहून कमी असणार. पैसे असतील तर पुढचा विचारच करू नका.

कमानीपाटा

महूकर, ३,५०० च्या आधी तुम्ही 'ब्रेक असलेला' हा शब्द लिहिलात. सगळी गोष्ट त्या शब्दात आहे. ब्रिटनमध्ये १.९ लिटरची डी-मॅक्स (म्हणजे तिथली व्ही-क्रॉस) फोर-बाय-फोरही ३,५०० किलोसाठी मान्य झाली होती. पण ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसेल तर या दोन्ही गाड्यांची मर्यादा ७५० किलोवर येते. इंजिन कितीही मोठं असो, फरक पडत नाही. शिवाय परदेशातला आकडा तिथल्या गाडीचा. इथं आपल्या गाडीच्या पुस्तिकेत आणि कागदावर जे लिहिलंय तेच धरायचं.

माझं कमान-पाट्यांचं आणि ट्रॉली दुरुस्तीचं काम आहे, २२ वर्षं झाली. आपल्याकडच्या दहातल्या नऊ जनरेटर ट्रॉल्यांना ब्रेक नसतो. लोकमान्यनगरी, तुमच्या ट्रॉलीला आहे का? आणि वजन किती? जनरेटरचं कॅटलॉगमधलं नको. टाकी भरून, केबलची गुंडाळी वर ठेवून, ट्रॉलीसकट धर्मकाट्यावर, म्हणजे ट्रक मोजायच्या काट्यावर, चढवून सांगा.

अजून एक करा. ट्रॉलीचं नाक, म्हणजे हूकचं टोक, घरातल्या वजनकाट्यावर टेकवून पाहा. जमीन सपाट हवी, आणि काट्याखाली विटा रचून नाक हूकच्या उंचीवर आणायचं. ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या ७ ते १० टक्के भार नाकावर यायला हवा. कमी आला तर ट्रॉली मागून शेपटीसारखी झुलते. फार जास्त आला तर गाडीचं मागचं टोक बसतं, पुढची चाकं हलकी होतात, आणि स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही पुढच्या चाकांवरच जास्त अवलंबून असतात. हे दोन आकडे आल्याशिवाय गाडीची चर्चा मला करता येत नाही.

देवासची_लेक

ओढण्याचं मला कळत नाही, मागच्या सीटचं कळतं. बाबांना मणक्याचा त्रास होता आणि आमच्याकडे डबल कॅब पिकअप होती. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष एका कंपनीचा नव्हता, त्या प्रकारच्या गाडीचाच होता. हौद्यात टनभर माल टाकायचा म्हणून मागे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या कडक स्प्रिंगा, बसवलेले असतात. हौदा रिकामा असला की ते पाटे दबतच नाहीत, आणि प्रत्येक खड्डा सरळ सीटवर येतो. सिमरोलच्या पुढे खंडवा रोडचं काम चालू असताना बाबा दर दहा मिनिटांनी कमरेखालची उशी सरकवायचे. बोलायचे काहीच नाहीत. ते न बोलणं मला आजही आठवतं.

सीटची पाठही जवळजवळ सरळ असते, कारण कॅबच्या मागे लगेच हौद्याची भिंत येते. ती मागे कलवायला जागाच नाही. इनोव्हा क्रिस्टा किंवा स्कॉर्पिओ-एन, दोघींनाही मागे गुंडाळ्या स्प्रिंग आहेत. त्या सवयीच्या माणसाला पिकअपमध्ये बसवून पाहा, लगेच कळेल.

आईंना शोरूममध्ये नेलंत का? सीटवर बसवायला नाही, चढवायला.

लोकमान्यनगरी

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून काल आईला घेऊनच गेलो. दोन्ही शोरूम.

पायपाट होती तरी पहिलं पाऊल गुडघ्याच्या वर येत होतं. आईनं डावा हात दाराच्या आतल्या मुठीला लावला, उजवा माझ्या खांद्यावर. पाय पायपाटावर ठेवला आणि तशीच थांबली. मला वाटलं तोल सावरतेय. पण तिच्या बोटांची पकड माझ्या खांद्यावर घट्ट होत गेली, आणि मग ती म्हणाली, "अरे, वर चढेन मी, पण खाली कशी येऊ?" सेल्समननं प्लॅस्टिकचं स्टूल आणून दिलं, मुलगा भला होता. दुसऱ्या शोरूममध्ये आई गाडीतूनच म्हणाली, मी इथंच बसते, तुम्ही बघून या.

म्हणजे कंफर्टच्या रकान्यात मी एसी आणि टचस्क्रीन लिहीत बसलो होतो, आणि खरा प्रश्न पायरीच्या उंचीचा होता.

कमानीपाटा, वजन शनिवारी करतो.

निमाडी_शेतकरी

मी व्ही-क्रॉस मॅन्युअल फोर-बाय-फोर वापरतो, मंडलेश्वरजवळ शेत आहे. गाडीवर मी खूश आहे आणि पुन्हा घ्यायची झाली तर हीच घेईन. काळी माती माहितीये ना? पहिला पाऊस पडला की टायरला चार बोटं चिकटते, मग टायरची नक्षी भरून जाते आणि चाक नुसतं गोल फिरतं. माझ्या शेताचा तीन किलोमीटरचा कच्चा रस्ता जुलै-ऑगस्टमध्ये फोर-बाय-फोरशिवाय होत नाही. पण तुमचा जनरेटर पावसात चिखलात जातो का? लग्नं हिवाळा-उन्हाळ्यात. मग तुम्ही फोर-बाय-फोरचे पैसे का भरताय? तुमच्या कामाला हाय-लँडर पुरे.

खरं सांगायचंय ते उताराबद्दल. सगळे चढाचं विचारतात. चढाला फार तर गाडी हळू जाईल. सहा वर्षांपूर्वी, वेगळी गाडी होती, मागे पाण्याच्या टाकीची ट्रॉली. गणपती घाट उतरत होतो. तेव्हा जुनाच रस्ता होता, उताराचा ८.८ किलोमीटरचा नवा मार्ग २०२४ च्या शेवटी सुरू झाला. वेग साठच्या वर गेला आणि ट्रॉली झुलायला लागली. आधी थोडी, मग आरशात एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे दिसायला लागली. मी घाबरून ब्रेक दाबला, तशी ती अजून जोरात. शेवटी ब्रेक सोडला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, गिअर उतरवला, आणि हळूहळू ती शांत झाली. बाजूनं ट्रक गेला असता तर आज मी लिहीत नसतो. खाली पोचल्यावर चाकातून धूर येत होता आणि जळक्या ब्रेकचा वास तासभर गेला नाही.

कमानीपाटा

निमाडी भाऊ, तुम्ही जे केलंत तेच बरोबर. झुलणाऱ्या ट्रॉलीला गाडीच्या ब्रेकनं आवरता येत नाही. गाडी थांबते, ट्रॉली मागून ढकलते आणि झोका वाढतो.

धूर का आला तेही सांगतो. माळव्याच्या पठारावरून नर्मदेकाठी उतरताना सुमारे ४०० मीटर उंची कमी होते. गाडी, माणसं, ट्रॉली मिळून चार टन धरा. तेवढं वजन ४०० मीटर खाली आणण्यातली ऊर्जा म्हणजे तीच चार टनांची गाडी ८० च्या वेगावरून १५-१६ वेळा पूर्ण थांबवण्याइतकी. थोडी हवा खाते, थोडी टायर खातात, उरलेली इंजिननं धरायची की ब्रेकनं, ते ड्रायव्हरच्या हातात. ज्या गिअरवर हा भार घेऊन चढलो असतो त्याच गिअरवर उतरायचं, न्यूट्रल कधीच नाही. या कामात मोठं इंजिन उपयोगी पडतं, हे महूकरांचं मी मान्य करतो, कारण ते धरूनही जास्त ठेवतं.

लोकमान्यनगरी

शनिवारचा निकाल.

धर्मकाट्याची पावती: टाकी भरलेली, केबलसकट ट्रॉली १,४६० किलो. ब्रेक नाही. म्हणजे बिनब्रेकच्या ७५० च्या जवळजवळ दुप्पट, आणि ही मी चार वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांना बांधून देत होतो.

नाकाचं वजन. वर्कशॉपच्या फरशीवर विटा रचल्या, बाथरूममधला वजनकाटा ठेवला, वर लाकडी ठोकळा, आणि जॅक हळूहळू सोडत नाक टेकवलं. मला १०० च्या पुढे अपेक्षा होती. काटा ३५ वर गेला, हलला, ४० वर थांबला. मी पुन्हा उचलून पुन्हा टेकवलं. पुन्हा ४०.

मग आठवलं. गेल्या वर्षी एक ड्रायव्हर म्हणाला होता, "साहब, साठ के ऊपर पीछे से कोई हिलाता है।" मी त्याला म्हटलं होतं, रस्ता खराब असेल. निमाडी भाऊंचं वर्णन वाचताना अंगावर काटा आला. ती ट्रॉली माझ्याच वर्कशॉपमध्ये, माझ्याच मापानं बनली आहे. ॲक्सल जवळजवळ वजनाच्या मध्याखालीच दिलंय, म्हणजे ढकलायला हलकी जावी म्हणून.

हिशेब केला. हूकपासून ॲक्सल २.६ मीटरवर आहे. ते अर्धा फूट मागे सरकवलं की नाकावर १२० किलोच्या आसपास येतं. ते काम उद्या सुरू करतोय. तोवर ट्रॉली बाहेर पाठवणार नाही, दोन कामं सोडली.

कमानीपाटा

शाबास. ॲक्सल मागे घेताय तर ओव्हररन ब्रेकही बसवा. गाडी थांबायला लागली की ट्रॉली पुढे रेटते, त्याच रेट्यानं नाकातला दांडा आत जातो आणि ट्रॉलीचे ब्रेक लागतात. गाडीचा हूक चासीला बोल्ट करा, बंपरला नको. सुटली तर ट्रॉलीचं नाक जमिनीत घुसू नये म्हणून खालून दोन साखळ्या एकमेकींना ओलांडून बांधायच्या.

नाकावरचे १२० किलो गाडीच्या मालक्षमतेतून वजा होतात हेही लक्षात ठेवा. शिवाय गाडीचा हूक मागच्या चाकांच्या मीटरभर मागे असतो, त्यामुळे मागच्या ॲक्सलवर १२० पेक्षा जास्त येतं आणि पुढून ४०-५० किलो उचललं जातं.

हिशेबनीस

कागदांचं मी सांगते, हे माझं रोजचं काम आहे.

मोटार वाहन कायद्यातल्या 'मोटार वाहन' या व्याख्येत ट्रेलरही येतो. त्याला वेगळं पासिंग (आरटीओची नोंदणी), नंबर, विमा, मागचे दिवे सगळं लागतं. वर्कशॉपमध्ये बनवलेली बिनकागदाची ट्रॉली घाटात कोणाला लागली तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारेल.

आता गाडी. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणून जुन्या धाग्यांतल्या किमती धरू नका. धंद्याच्या नावानं मालवाहू गाडी घेतली आणि धंद्यातच वापरली तर त्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे भरलेला कर धंद्याच्या जीएसटीतून वळता होतो. माणसं वाहणाऱ्या, १३ आसनांपर्यंतच्या गाडीवर ते सहसा मिळत नाही. डबल कॅब घेणार असाल तर ती कोणत्या वर्गात पास होणार, पांढऱ्या पाटीवर (खाजगी) की पिवळ्या (धंद्याची), हे पैसे देण्याआधी डीलरकडून लेखी घ्या. तोंडी 'हो जाएगा' चालत नाही.

पिवळी पाटी म्हणजे वेगनियंत्रक, ताशी ८०. फिटनेस तपासणी पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, मग दर वर्षी. भरल्या गाडीचं एकूण मान्य वजन ३,००० किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही, वर गेलं की लागतं. ड्रायव्हरची काळजी नको. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं स्पष्ट केलंय की ७,५०० किलोच्या आतली मालवाहू गाडी चालवायला हलक्या वाहनाचा साधा परवाना पुरतो.

वडोदराकर

वडोदऱ्याहून लिहितोय, मकरपुरा औद्योगिक वसाहतीत आमचाही जनरेटर भाड्याचा धंदा आहे, वडिलांपासून. सगळा धागा वाचला. एक प्रश्न कोणीच विचारला नाही. जनरेटर ओढताय कशाला? लादा ना.

४० केव्हीएचा सेट ट्रॉली काढून ११०० किलोच्या आसपास भरतो. टाटा योद्धा २.० ची मालक्षमता २,००० किलो आहे, २.२ लिटर, १०० अश्वशक्ती, २५० न्यूटन-मीटर. बोलेरो मॅक्स पिकअपच्या वरच्या मॉडेलचीही दोन टन. जनरेटर हौद्यात कायमचा बसवायचा. मग ट्रॉलीचं पासिंग नाही, वेगळा ब्रेक नाही, झुलणं नाही, साखळ्या नाहीत. सगळं वजन त्या चाकांवर ज्यांना कंपनीनं ब्रेक दिलेत. आणि गाडी दहा-अकरा लाखांत.

आम्ही २०१८ पर्यंत ट्रॉल्या ओढल्या. हालोलच्या रस्त्यावर एकदा साखळीवरच ट्रॉली पाचशे मीटर घासत गेली, त्यानंतर वडिलांनी सगळ्या ट्रॉल्या विकल्या. ६२.५ केव्हीएपर्यंत आता लादूनच नेतो.

महूकर

पण मग गाडी तिथेच अडकली ना. ट्रॉलीचा फायदाच हा की साइटवर सोडून गाडी मोकळी. आणि दोन टनी पिकअपमध्ये दोघंच बसतात, घरच्यांचं काय?

वडोदराकर

लग्नात जनरेटर संध्याकाळी चालू, पहाटे बंद. ऑपरेटरला थांबावंच लागतं, तो कॅबमध्ये झोपतो. महिन्याला दोन-तीन फेऱ्या असताना गाडी रात्रभर उभी राहिली तर नुकसान काय? रोज दोन साइट असत्या तर गोष्ट वेगळी.

घरच्यांचं म्हणाल तर, काकूंनी उत्तर दिलंय की. खाली कशी येऊ.

देवासची_लेक

हेच लिहायला आले होते. ११ वर्षांची गाडी चांगली असेल तर विकू नका. आईंना तिची पायरी माहीत आहे.

लोकमान्यनगरी

वडोदराकर, तुमचा प्रतिसाद रात्री वाचला आणि खरं सांगायचं तर आधी वाईट वाटलं. दोन महिने मी हायलक्सचे फोटो बघतोय. मुलानं रंगही ठरवला होता. सकाळी वहीत पुन्हा आकडे मांडले. ट्रॉली ओढायची म्हणून तीस लाखांची गाडी, ती आहे म्हणून ब्रेक, पासिंग, हूक. आणि त्या गाडीत आई चढणार नाही म्हणून दुसरी गाडी लागणारच.

एक शंका. हौद्यात ठेवला तर जनरेटर उंच बसेल. वळणावर तोल?

कमानीपाटा

बरोबर शंका. दोन गोष्टी पाळा. एक, जनरेटर हौद्यात पुढे घ्या, त्याचं वजन मागच्या ॲक्सलच्या थोडं पुढे पडलं पाहिजे. मागच्या फाळक्याकडे सरकवला तर पुन्हा तीच गत, पुढची चाकं हलकी. जनरेटरच्या इंजिनाची बाजू अल्टरनेटरपेक्षा, म्हणजे वीज बनवणाऱ्या भागापेक्षा, जड असते, म्हणून इंजिन कॅबकडे. दोन, पट्ट्यांनी बांधून भागणार नाही. हौद्याचा पत्रा पातळ असतो. खालून चासीच्या आडव्या पट्ट्यांना धरून सी-चॅनेलची चौकट करा आणि तिला बोल्ट. मध्ये रबरी पॅड. चासीवर वेल्डिंग करू नका, छिद्रंही नकोत, क्लँप वापरा. तुम्ही फॅब्रिकेशनवाले, तुम्हाला जास्त सांगत नाही.

धुराड्याचं तोंड कॅबकडे किंवा झोपलेल्या ऑपरेटरकडे येता कामा नये. हे विसरू नका. जनरेटर चालू असताना त्याला कॅबमध्ये काचा लावून झोपू देऊ नका.

वडोदराकर

धुराचं कमानीपाटांनी बरोबर लिहिलंय, माझ्याकडून राहिलं होतं. आमचा ऑपरेटर जनरेटर बंद झाल्यावरच कॅबमध्ये जातो, चालू असेपर्यंत बाहेर खाट.

हिशेबनीस

हौद्यात यंत्र कायम बसवताय म्हणजे गाडीच्या नोंदणीत बदल ठरू शकतो. चौकट काढता येईल अशीच ठेवा, 'माल' म्हणून न्या, आणि नायता मुंडल्याच्या आरटीओत आधी विचारून लेखी टिपण घ्या. योद्धा २.० चं भरलं वजन ३,००० च्या वर जातं, परमिट धरून चाला.

निमाडी_शेतकरी

मी व्ही-क्रॉसवाला, पण या कामाला मीही आता हेच म्हणेन. एक अट. लोड टाकून घाटात चालवून बघा. रिकाम्या गाडीचा टेस्ट ड्राइव्ह सुपर कॉरिडॉरवर घेऊन काही कळत नाही.

लोकमान्यनगरी

शेवटची माहिती देतो, धागा वाचणाऱ्यांना उपयोगी पडेल.

योद्धाच्या डीलरला म्हटलं, लोड मी आणतो. मालवाहू गाड्यांचे डीलर याला तयार होतात हे मला माहीतच नव्हतं. वर्कशॉपमधल्या पत्र्याचे गठ्ठे टाकले, धर्मकाट्यावर मोजून १,१२० किलो, पुढे कॅबला टेकवून बांधले. सिमरोलवरून भेरूघाटात उतरलो आणि परत चढलो. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये पाय ब्रेकवर पाच-सहा वेळाच गेला. खाली थांबून चाकांजवळ हात नेला, गरम होती, वास नव्हता. चढताना ट्रकच्या मागून उचल घ्यायला दुसरा गिअर लागला, तिसऱ्यात गुदमरली. हायलक्स इथं उडाली असती, महूकर, ते मान्य. आणि एक गंमत नाही, खरीच गोष्ट लिहितो: टनभर लोड असताना पाटे इतके शांत बसले होते की रिकाम्या महागड्या पिकअपपेक्षा कॅबमध्ये कमी धक्के जाणवले.

योद्धा २.० बुक केली, वर्कशॉपच्या नावानं. घरची जुनी गाडी ठेवतोय, तिचे शॉकॲब्सॉर्बर आणि बुश बदलायला टाकलेत.

देवासची_लेक

आणि ट्रॉलीचं काय केलंत? दोन जणांनी तुमच्याकडे विकत मागितली असेल.

लोकमान्यनगरी

तिघांनी मागितली, ताई. ॲक्सल मागे सरकवून झालंय, काल पुन्हा नाक काट्यावर टेकवलं, ११८ आलं. ओव्हररन ब्रेकचा दांडा या आठवड्यात बसतोय. तो बसून पासिंग होईपर्यंत ती शेडमध्ये उभी आहे, हूकला कुलूप घालून. किल्ली माझ्याकडे.